सगळे म्हणतायत 'माफ कर', पण मी बांधील आहे का?

पत्र : मी ४३ वर्षांची आहे. मी १९ वर्षांची असताना बाबांच्या ऑपरेशनसाठी जमवलेले पैसे कपाटातून गेले. माझ्याहून ५ वर्षांनी मोठ्या ताईने आईला सांगितलं की तिने मला कपाटापाशी बघितलं. मी रडून रडून सांगितलं, कोणी ऐकलं नाही. आईला नातेवाइकांपुढे हात पसरावे लागले, त्यामुळे का पसरावे लागले तेही सगळ्यांना कळलं. ऑपरेशन नीट झालं, विषय मिटला, पण पुढे कित्येक वर्षं मी कोणाकडे गेले की बाहेरच्या खोलीतली पर्स उचलून आत ठेवली जायची. आई ६ वर्षांपूर्वी गेली, जाईपर्यंत तिचा समज तोच होता. दोन महिन्यांपूर्वी एका भांडणात ताईच्या नवऱ्याच्या तोंडून निघून गेलं की पैसे ताईने घेतले होते. मी ताईला विचारलं तर मेसेज आला, 'तेव्हा लहान होतो गं, काही चुकलं असेल तर माफ कर.' पुढच्या महिन्यात तिचं मोठं ऑपरेशन आहे आणि मावशी, मामा, माझा नवरा, सगळे मागे लागलेत की मन मोठं कर, क्षमा करणं हा माणसाचा धर्म आहे. मामा 'क्षमा वीरस्य भूषणम्' ऐकवतात, नवरा म्हणतो 'माफ केलं नाहीस तर त्रास तुलाच होईल.' माफ करणं खरंच माझं कर्तव्य आहे का? नाही केलं तर मी वाईट ठरते का? आणि आईचं काय, तिच्या वतीने मी कशी माफ करू?

उत्तर :

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रातल्या त्या पर्सच्या वाक्याशी मी थांबले आणि बराच वेळ पुढे वाचलंच नाही. ज्यांनी ती पर्स उचलली त्यांना आज आठवतही नसेल, त्यांना वाटलं असेल आपण काहीच तर बोललो नाही, पण बघणाऱ्याला सगळं दिसतं आणि १९-२० वर्षांच्या मुलीला तर फारच दिसतं.

आधी सरळ उत्तर देते, म्हणजे तुम्हाला ते शोधत बसायला नको. नाही. आज, या मेसेजवर, ताईला माफ करणं तुमचं कर्तव्य नाही आणि माफ केलं नाहीत म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही. पण 'माफी ही ज्याची त्याची मर्जी, वाटलं तर द्या नाहीतर सोडा' असं जे हल्ली सर्रास सांगितलं जातं तेही मला पटत नाही. तुमच्याकडून काहीतरी अपेक्षित आहे असं मी मानते, फक्त नातेवाईक जे मागतायत ते नाही, आणि आत्ता तर नाहीच, कारण पाळी तुमची नाहीये, ताईची आहे.

सगळे 'माफ कर' म्हणतात तेव्हा त्यांना नक्की काय हवंय ते जरा सुटं करून बघा. मामांना बहुतेक विषय बंद करून हवाय. मावशीला वाटतंय तुम्ही ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलमध्ये असावं. नवऱ्याला वाटत असेल तुम्ही रात्री जागणं बंद करावं. आणि ताईला हवंय की तिला आतून हलकं वाटावं. या चारही गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि त्यातली एकही म्हणजे माफी नव्हे. विषय बंद होऊन मनात ठणका राहू शकतो, आणि माफ न करताही एखाद्याच्या उशाशी बसून पाणी देता येतं. माफ करणं म्हणजे तू केलंस ते चूकच होतं हे दोघींनाही माहीत असताना, त्याबद्दलचा जो राग धरायचा माझा हक्क आहे तो मी सोडतेय. त्यात चूक झाली होती हे पहिलं वाक्यच नसेल तर मग सोडायचं काय? नुसतं पांघरूण घातलं जातं.

आता कर्तव्याबद्दल. काही कर्तव्यं उधारीसारखी असतात, कोणाचे पैसे घेतले तर ते त्याच माणसाला ठरल्या वेळेला परत करायचे आणि त्याला ते हक्काने मागता येतात. दुसरी असतात अडल्यानडल्याला मदत करण्यासारखी, म्हणजे आयुष्यात कधी कोणाच्या उपयोगी पडलोच नाही तर ते वाईटच, पण म्हणून रस्त्यातला कोणीही येऊन 'आज चार वाजता मला मदत करायला तू बांधील आहेस' असं म्हणू शकत नाही. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी हा फरक फार नीट मांडलाय, आणि १७९७ च्या त्यांच्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात क्षमाशीलता त्यांनी या दुसऱ्या प्रकारात, सद्गुणाच्या कर्तव्यांमध्ये ठेवलीय. म्हणजे मन कायमचं दगडासारखं करून ठेवू नये हे कर्तव्य खरं. पण लगेच पुढे ते बजावतात की क्षमाशीलता म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसत राहणं नव्हे, तसं करणं म्हणजे स्वतःचे हक्क पायदळी तुडवू देणं. कर्तव्याच्या बाबतीत इतका कडक माणूस, तोसुद्धा असं म्हणतो, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं.

मग 'हे तुझं कर्तव्य आहे' असं ताईला किंवा मामांना म्हणता येतं का? माझ्या मते नाही. ज्याने घाव घातला त्याने जखम भरायची तारीख ठरवायची नसते. आणि ज्या नातेवाइकांनी तुमची बाजू न ऐकता चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, त्यांनी तर हा शब्द जपूनच वापरायला हवा. मला राहून राहून हेच आश्चर्य वाटतंय की त्यांच्यापैकी एकानेही तुम्हाला 'आमचं चुकलं' असं म्हटल्याचं पत्रात नाही. पर्स त्यांनी उचलल्या होत्या, ताईने नाही. ताईला माफ करा म्हणणारी ही सगळी माणसं स्वतःसुद्धा तुमची देणेकरी आहेत, आणि विषय लवकर मिटला तर त्यांचंही त्यात मिटून जातं.

अजून एक अडचण आहे, ती जरा खोलातली आहे पण तुमच्या उपयोगाची. कर्तव्य असं असावं लागतं जे ठरवून करता येतं. राग ठरवून जात नाही. माफीवर आयुष्यभर काम केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन दोन गोष्टी वेगळ्या करतात, एक निर्णयाची माफी आणि एक भावनेची. मी सूड घेणार नाही, हिच्याशी माणसासारखी वागेन, हा निर्णय एका दिवसात घेता येतो. पण तिचं नाव ऐकल्यावर छातीत जे होतं ते बदलायला वेळ लागतो आणि त्याला कोणाची ऑर्डर चालत नाही. त्यामुळे 'मी मनापासून माफ करू शकत नाहीये' याचा अपराधीपणा तुम्ही घेऊ नका. बाहेरून दमदाटी करून त्यातून फार तर तोंडदेखलं 'बरं, केलं माफ' निघेल आणि त्याचा ना तुम्हाला उपयोग ना तिला.

रागाबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण 'मी वाईट ठरते का' या तुमच्या प्रश्नामागे मला वाटतं तुम्हाला तुमच्या रागाची लाज वाटतेय. लाज वाटून घेऊ नका हो. जोसेफ बटलर नावाच्या इंग्लंडमधल्या धर्मगुरूंची १७२६ मध्ये छापलेली प्रवचनं आहेत, त्यात राग आणि क्षमा यावर लागोपाठ दोन आहेत. चर्चमध्ये उभं राहून क्षमेवर बोलणारा माणूस, पण तो सुरुवात कुठून करतो तर अन्यायाबद्दल वाटणारा राग मुळात वाईट नाहीच, माणसाला इजा होऊ नये म्हणून तो दिलेला आहे. वाईट काय, तर तो राग मापाबाहेर जाणं, झालं त्यापेक्षा मोठं करून बघणं, आणि समोरच्याचं वाईट व्हावं म्हणून झुरत राहणं. मी हे वाचलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. तुमच्या बाबतीत तर मी म्हणेन की गेली २४ वर्षं तुमच्या बाजूने उभा राहिलेला एकमेव साक्षीदार म्हणजे तुमचा राग. घरात कोणीच 'हिने केलं नाही' असं म्हणत नव्हतं, तोच म्हणत होता. त्याला आता एका मेसेजवर घराबाहेर काढा असं मी तरी तुम्हाला सांगणार नाही.

मामा 'क्षमा वीरस्य भूषणम्' म्हणाले असं तुम्ही लिहिलंय. छान आहे वचन. पण मग मामांना महाभारताच्या वनपर्वातला द्रौपदी आणि युधिष्ठिराचा संवादही सांगा. वनवासात युधिष्ठिर शांत बसलाय आणि ज्या बाईची भरसभेत विटंबना झाली ती त्याला विचारतेय की तुला राग कसा येत नाही. आणि ती नुसती चिडून बोलत नाही, ती प्रल्हादाने आपल्या नातवाला, बळीला, सांगितलेलं सांगते, की सतत उग्रपणा बरा नाही आणि सतत क्षमाही बरी नाही. जो कायमच क्षमा करत राहतो त्याला नोकरचाकरही जुमानत नाहीत, त्याच्या वस्तू न विचारता उचलल्या जातात. मग क्षमा कोणाला करावी? ज्याने पूर्वी उपकार केलेत त्याला, ज्याच्या हातून नकळत झालं त्याला, आणि पहिला अपराध तर कोणाचाही. पण जाणूनबुजून करून वर 'नकळत झालं' म्हणणारा असेल तर अपराध लहान असला तरी त्याला सोडू नये, असं प्रल्हाद म्हणतो. युधिष्ठिर यावर क्षमेची बाजू फार सुंदर मांडतो, क्षमा हाच धर्म, क्षमा हाच यज्ञ असं म्हणतो, आणि तेही मी मनापासून मानते. पण दोन्ही बाजू तिथे आहेत, आणि घरातली मंडळी एकच बाजू पाठ करून येतात, तीही नेमकी ज्याला लागलंय त्यालाच ऐकवायला.

ते 'जाणूनबुजून करून नकळत म्हणणं' वाचलं आणि मला तुमच्या ताईचा मेसेज आठवला. 'तेव्हा लहान होतो गं.' तुम्ही १९ च्या होतात, ती २४ ची होती. आणि पैसे घेणं हा एक क्षणाचा मोह म्हणून मी समजू शकते, घाबरून तुमचं नाव घेणंही एक वेळ समजू शकते, माणूस अडकला की वेळ मारून नेतो. पण त्यानंतर आई जाईपर्यंत १८ वर्षं होती. त्यात ती ३० ची झाली, ४० ची झाली, तुमच्याकडे येत-जात राहिली, आणि दर वेळी गप्प राहिली. त्या गप्प राहण्याला लहानपण म्हणता येत नाही. 'होतो' हा शब्दही बघा, त्यात तिने तुम्हालाही आपल्याबरोबर ओढलंय. आणि मग 'काही चुकलं असेल तर'. काय चुकलं हे तिला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, मग हे 'असेल तर' कोणासाठी?

हे मी इतकं ठामपणे बोलतेय कारण मी स्वतः हे 'असेल तर' वापरलेलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेली तिच्या घरातली गोष्ट मी तिसऱ्याच व्यक्तीला बोलले आणि ती सगळीकडे गेली. ती जिन्यात भेटली, खांद्यावर बॅग, घरी निघालेली, आणि मी म्हटलं, 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी.' ती दोन पायऱ्या उतरली, मग वळून म्हणाली, 'मला वाईट वाटलं म्हणून नाही. तू सांगितलंस म्हणून.' एवढंच. मी घरी जाऊन आधी तिच्यावरच चिडले, की सॉरी म्हटलं ना, अजून काय हवं. चार दिवसांनी कळलं की मी माफी मागितलीच नव्हती, मी तिच्या वाईट वाटण्याबद्दल बोलत होते, माझ्या करण्याबद्दल नाही. नंतर मी नीट गेले, काय केलं ते जसंच्या तसं बोलले, ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यापाशीही जाऊन बोलले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली बरं केलंस. पण माफ केलं असं ती म्हणाली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. आणि मला आज पूर्ण पटलेलं आहे की ते तिच्याकडे मागायचा मला काही हक्क नव्हता. माझं काम मी केलं, पुढचं तिचं होतं.

तर ताईचं काम काय, ते स्पष्ट बोलू, कारण तुम्हाला तेच कोणी सांगत नाहीये. पहिलं म्हणजे पूर्ण खरं. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट संपल्यावर १९९५ च्या कायद्याने सत्य आणि समेट आयोग नेमला गेला, डेस्मंड टुटू त्याचे अध्यक्ष होते. ते स्वतः क्षमेचे फार मोठे पुरस्कर्ते. पण आयोगाच्या कायद्यात अत्याचार करणाऱ्याला शिक्षेतून सूट हवी असेल तर काय अट होती? रडण्याची नव्हती, पश्चात्ताप दाखवायचीही नव्हती, राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याबद्दल सगळं खरं सांगायची होती, काहीही न लपवता. ७,००० हून जास्त अर्ज आले आणि त्यातले बहुतेक नामंजूर झाले. आणि ज्यांच्यावर अत्याचार झाले त्यांनी माफ केलंच पाहिजे असं त्या कायद्यात कुठेही नव्हतं. ते एका देशाचं प्रकरण आणि हे एका घराचं, तुलना करत नाहीये, पण क्रम बघण्यासारखा आहे, आधी खरं, मग पुढचं. तुमच्या घरी उलटं चाललंय, माफी आधी मागतायत आणि खरं कोणालाच ऐकायचं नाहीये. ताईने पैसे कशाला घेतले, तुमचंच नाव का घेतलं, नंतर का बोलली नाही, हे तुम्हाला अजून माहीत नाही. कशाची माफी द्यायची तेच माहीत नसताना सही करून मोकळं कसं व्हायचं?

आणि दुसरं म्हणजे जिथे बदनामी झाली तिथेच ती पुसायची. चोरीचा आळ सगळ्या गोतावळ्यात गेला आणि माफी मात्र खाजगी मेसेजमध्ये, असं नाही चालत.

आता आईचं. हा तुमच्या पत्रातला मला सगळ्यात अवघड वाटलेला प्रश्न. सायमन विझेन्थल या नाझी छळछावणीतून वाचलेल्या माणसाने एक प्रसंग लिहून ठेवलाय. कैदी असताना एक नर्स त्यांना मरायला टेकलेल्या एका तरुण नाझी सैनिकाच्या खोलीत घेऊन गेली. त्या सैनिकाने ज्यूंनी भरलेलं घर पेटवून देण्यात आपला हात होता ते सगळं सांगितलं आणि एका ज्यूने मला माफ करावं म्हणून विनवणी केली. विझेन्थल काहीही न बोलता उठून गेले, आणि पुढे ते टोचत राहिलं म्हणून त्यांनी बऱ्याच विचारवंतांना विचारलं की माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं. उत्तरं सगळ्या प्रकारची आली, पण त्यातल्या अनेकांचा मुद्दा असा की जे मेले त्यांच्या वतीने माफ करायचा अधिकार जिवंत माणसाला नसतोच. त्या भयानक गोष्टीशी तुमच्या घरच्या गोष्टीची बरोबरी नाही, पण हा एक मुद्दा तुमच्यावरचं ओझं कमी करेल असं वाटतं. ताईने तुमचं नुकसान केलं आणि आईचंही केलं, आईकडून तिची एक मुलगी हिरावून घेतली. तुमच्या वाट्याचं माफ करायचं की नाही ते तुम्ही ठरवाल. आईच्या वाट्याचं तुमच्याकडे नाहीच, त्यामुळे ते द्यायचं की नाही हा विचार करत तुम्ही जागू नका. ते ताईला स्वतःलाच बाळगावं लागेल.

त्यावर काहीच करता येत नाही असंही नाही. बाराव्या शतकातले ज्यू पंडित मायमोनिडीज यांनी पश्चात्तापाचे नियम लिहून ठेवलेत आणि ते इतके व्यवहारी आहेत की थक्क व्हायला होतं. माणसाने माणसाचा केलेला अपराध नुसती देवाची प्रार्थना करून फिटत नाही, त्या माणसाकडे जाऊन त्याचं मन वळवावं लागतं. आणि तो माणूस वारला असेल तर? तर दहा जणांना घेऊन त्याच्या थडग्यापाशी जायचं आणि त्या दहा जणांसमोर बोलायचं की मी या माणसाशी अमुक अमुक वागलो. दहा जणांसमोर, आणि काय केलं ते नाव घेऊन. ताईला आईसाठी काही करायचं असेल तर वाट हीच आहे, थडग्याशिवायही करता येते. मावशी, मामा, त्यांची मुलं, सगळे असतील तिथे एकदा स्पष्ट म्हणायचं, पैसे मी घेतले होते, हिने नाही, आणि मी आईला शेवटपर्यंत खोट्यात ठेवलं.

याच नियमांत तुमच्या बाजूचंही आहे, आणि ते लपवणं बरोबर नाही. अपराध करणाऱ्याने एकदा विचारलं, नकार मिळाला, तीन माणसं घेऊन परत गेला, नकार मिळाला, असं तीनदा झालं तर त्याने पुढे जाऊ नये, मग दोष नाकारणाऱ्याकडे जातो. म्हणजे मनापासून, खरं बोलून, पुन्हा पुन्हा दार वाजवणाऱ्यासाठी दार कायमचं बंद ठेवणं हेही चूकच. मला हे पटतं. आज तुम्ही बांधील नाही, पण ताई खरंच आली, 'असेल तर' न लावता बोलली, चारचौघांत बोलली, आणि तरी तुम्ही मनात ठरवून टाकलं की हिला आता जन्मभर तडफडत ठेवायचं, तर मी तुमच्या बाजूने असंच पत्र लिहीन का? नाही लिहिणार. तेव्हाही राग लगेच गेला नाही तर समजू शकते, पण प्रयत्न तरी करून बघणं तेव्हा तुमच्याकडे येतं. आणि आजही काही गोष्टी तुमच्याकडे आहेतच. झालंय त्यापेक्षा जास्त तिच्या नावावर लावायचं नाही. तिच्या मुलांना यात ओढायचं नाही. तिच्या आजारपणात 'भोगतेय आता' असं मनातसुद्धा घोळवायचं नाही, ते आलं तर येऊ द्या आणि जाऊ द्या, बसवून ठेवू नका.

'माफ केलं नाहीस तर त्रास तुलाच होईल' हे नवऱ्याचं म्हणणं काळजीपोटी आहे आणि ते अगदीच खोटंही नाही, माफीच्या दिशेने सावकाश, स्वतःच्या इच्छेने काम केलेल्या लोकांची उदासी आणि चिंता कमी झाल्याचं मानसशास्त्रज्ञांना दिसलंय. पण दुसरी बाजूही दिसलीय. २०१० मध्ये लॉरा लुचीस आणि सहकाऱ्यांचे काही अभ्यास प्रसिद्ध झाले, त्यात असं दिसलं की समोरच्याने चूक दुरुस्त केली असेल तर माफ करणाऱ्याचा स्वतःबद्दलचा आदर वाढतो, पण समोरच्याने काहीच केलं नसताना माफ करत गेलं तर तोच आदर घटतो, त्यांनी त्याला पायपुसणं होण्याचा परिणाम असंच नाव दिलं. तुमचा स्वतःबद्दलचा आदर १९ व्या वर्षी एकदा पायाखाली गेलाय, तो तुम्ही एकटीने उभा केलाय. परत तेच नको. आणि तसंही, 'माझी झोप नीट व्हावी म्हणून' माफ करणं हे औषध झालं, त्याला कर्तव्य म्हणून गळ्यात घालू नये.

आता पुढच्या महिन्याचं. ऑपरेशनची तारीख ही तुमच्या माफीची तारीख नाही. मला माहितेय सगळ्यात जास्त भीती कशाची वाटतेय, की तिला काही झालं तर? ती भीती खरी आहे. म्हणून भेटा. जावंसं वाटत असेल तर नक्की जा, हात धरावासा वाटला तर धरा, त्याचा अर्थ सगळं मिटलं असा होत नाही आणि कोणी तसा लावला तर तिथल्या तिथे म्हणा की मी ताईला भेटायला आलेय, त्या विषयाचं आमचं बोलणं बाकी आहे. आणि नाही जाववलं तर ऑपरेशन नीट होऊ दे एवढं मनापासून लिहून पाठवा. हे माफी नसतानाही करता येतं.

पण बोलणं मात्र आधी व्हायला हवं, तिची तब्येत नाजूक व्हायच्या आधी, तिच्यासाठीसुद्धा. मी तुमच्या जागी असते तर असं काहीतरी लिहिलं असतं, तुमच्या शब्दांत बदलून घ्या : 'ताई, तुझं ऑपरेशन नीट व्हावं असं मला खरंच वाटतं. पण तुझ्या मेसेजला मी 'केलं माफ' असं उत्तर देऊ शकत नाही, कारण तू काय झालं तेच लिहिलेलं नाहीस. मला तुझ्याकडून सगळं ऐकायचंय, पैशांचं, माझं नाव का घेतलंस त्याचं, आणि आईला का सांगितलं नाहीस त्याचं. मी भांडणार नाही, ऐकेन. आणि मावशी-मामांना तू स्वतः सांगावंस असं मला वाटतं. त्यानंतर माझ्या मनात काय होईल ते मला आत्ता माहीत नाही, पण मी दार उघडं ठेवतेय.'

लिहून झालं की एक रात्र तसंच ठेवा, सकाळी एकदा वाचा, एखादा शब्द फक्त टोचायला घातला असेल तर तो काढा, आणि पाठवा. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका, तिला एकटीलाच पाठवा. मामांचा फोन येईलच, तेव्हा त्यांना म्हणा, बोलणं ताईशी चालू आहे, आणि मामा, त्या वेळी तुम्हीही मला काही विचारलं नव्हतंत, त्यावर कधीतरी आपण दोघं बोलू.